हसवणाऱ्यानं रेघ कुठं ओढायची? दादा कोंडके यांचं आयुष्य काय सांगतं

मोबाईलवर हल्ली स्टँड-अप कॉमेडीच्या क्लिपा फिरतात. एक माणूस, एक माईक, समोर खुर्च्यांवर बसलेली शहरातली पोरं, आणि तासभर नुसतं बोलणं. कुणाला हसू येतं, कुणाचं डोकं फिरतं. 2025 साली तर हे प्रकरण लईच तापलं. फेब्रुवारीत एका यूट्यूब कार्यक्रमात आईवडिलांवरून घाण प्रश्न विचारला म्हणून गुन्हे दाखल झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्चमध्ये कुणाल कामरानं उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत केलं म्हणून शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खारमधल्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड केली. तेव्हापासून पारावर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद. विनोदाला काही मर्यादा हाय का नाय? आणि असली तर ती ठरवायची कुणी?

हा वाद आपल्याकडं नवा नाही मंडळी. पन्नास वर्षांपूर्वी ढगळ हाफ पँट घातलेला, नाडी लोंबकळणारा एक माणूस याच वादात उभा होता. त्याला सेन्सॉरनं कापलं, पुढाऱ्यांनी डोळे वटारले, शहाण्यासुरत्यांनी नाकं मुरडली. लोकांनी मात्र बैलगाड्या जुंपून त्याचे पिक्चर बघितले. दादा कोंडके जाऊन आता पाव शतकाच्या वर काळ लोटला. त्यांचं आयुष्य नीट बघितलं तर ही मर्यादेची रेघ कुठं असते, याचा बराच अंदाज येतो.

दादांचं खरं नाव कृष्णा खंडेराव कोंडके. जन्म 8 ऑगस्ट 1932, मुंबईत, नायगावच्या चाळीत. मूळ गाव भोर तालुक्यातलं इंगवली. म्हणजे घर मुंबईचं, पण बोली, सणवार, देवधर्म सगळं गावाकडचं. गिरणगावात तेव्हा असंच होतं. घाटावरची आणि कोकणातली माणसं गिरण्यांत राबायची आणि रात्री चाळीच्या चौकात भजन, तमाशा, भारुड रंगायचं. दादांची भाषा तिथं तयार झाली. पुस्तकातली मराठी त्यांनी कधी तोंडात धरली नाही.

लहानपणी पोरगं दांडगट होतं, मारामाऱ्या करणारं. मग एक वर्ष असं आलं की घरातली जवळची माणसं एकामागून एक गेली. एवढे घाव एकदम बसले की माणूस एकतर कायमचा मुका होतो, नाहीतर दुसऱ्यांना हसवायला लागतो. दादांनी दुसरी वाट धरली. अपना बाजारमध्ये नोकरी केली, बँडमध्ये वाजवलं, आणि सेवा दलाच्या कलापथकात शिरले. कलापथक म्हणजे समाजाला चार चांगल्या गोष्टी सांगायच्या, पण गाण्या-नाचातून आणि हसवत हसवत. निळू फुले, राम नगरकर ही माणसंही याच वाटेनं आली. रामभाऊ नगरकरांनी तर पुढं ‘रामनगरी’ हा एकपात्री कार्यक्रम केला, त्यात आपल्याच न्हावी घराण्यातल्या गमती सांगितल्या. एक माणूस, एक माईक आणि स्वतःच्याच फजितीची गोष्ट. आज ज्याला स्टँड-अप म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

आता दादांच्या विनोदाचं मूळ कळायचं तर तमाशाकडं जावं लागतं. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि वग. वगात राजा असतो, प्रधान असतो आणि सोंगाड्या असतो. सोंगाड्याचं काम काय? राजाला राजाच्या तोंडावर मूर्ख म्हणायचं, आणि तरी मान शाबूत ठेवायची. गावात जो पाटील, सावकार, फौजदार दिवसभर लोकांना दम देतो, त्याच्यासमोरच सोंगाड्या त्याच्या मिशांवर बोलतो आणि पाटलालाही हसावं लागतं. नाही हसला तर चारचौघांत पाटलाचीच शोभा होते. ही सवलत आपल्या गावानं सोंगाड्याला पिढ्यानपिढ्या दिली होती. कायद्यात कुठं लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती.

तमाशात चावटपणा होता, आजही आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण त्याला अश्लील म्हणणारे कोण होते तेही बघावं. तमाशा करणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. हजारो कलावंतांच्या चुली थंडावल्या. मग ओरड झाली, समिती बसली, तमाशा सुधारून घ्या म्हणून अटी आल्या आणि बंदी उठली. पुढं 1954 मध्ये रंगभूमी परिनिरीक्षण मंडळ आलं. नाटक असो की वग, संहिता आधी मंडळाकडं द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं, मग पडदा उघडायचा. दरम्यान शिकलेल्या लोकांनी तमाशाचा बाज घेऊन लोकनाट्यं लिहिली. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलं, व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिलं. तेच सोंगाडे, तेच टोमणे, पण आता ते थिएटरात चालू लागले. एकच विनोद कुणाच्या तोंडून येतो यावर तो अश्लील की कलात्मक हे ठरत होतं, असं म्हटलं तर फार चुकत नाही.

दादा आले ते या दोन्हींच्या मधोमध. ‘खणखणपूरचा राजा’मधलं त्यांचं काम लेखक वसंत सबनिसांना आवडलं. दादांनी त्यांच्याकडून वग मागितला आणि 1965 मध्ये ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगमंचावर आलं.

गोष्ट साधी. राज्याचा कोतवाल मरतो. हवालदाराला वाटतं, इतकी वर्षं इमानानं राबलो, आता बढती आपलीच. पण प्रधान आपल्या मेव्हण्याला त्या जागेवर आणून बसवतो. मेव्हणा बिनडोक, वर बाईच्या नादाला लागणारा. मग हवालदार आणि मैनावती मिळून त्याला जाळ्यात घेतात, राजाच्या छपरी पलंगाची भानगड उभी करतात आणि सगळ्यांचं पितळ उघडं पाडतात. दादा हवालदार. आता सांगा, प्रधानाचा मेव्हणा आणि राबणारा हवालदार ही गोष्ट कुठल्या तालुक्यात घडत नाही? सोसायटीच्या सचिवापासून शाळेच्या शिपायापर्यंत कुठली भरती तशी झाली नाही?

त्यात चावट बोलणं भरपूर होतं. पण लोक घरी जाताना काय घेऊन जायचे? प्रधान आणि त्याचा मेव्हणा. चावटपणा म्हणजे गुळाचा खडा, कडू औषध त्याच्यासोबत गिळायचं. दीड हजाराच्या वर प्रयोग झाले. वगाच्या चौकटीत ताज्या बातम्या घुसवायला मोकळीक असायची. आज या गावात धान्य मिळत नाही तर त्यावर टोमणा, उद्या त्या गावात मंत्री येऊन गेला तर त्याच्यावर. काँग्रेसवर, इंदिरा गांधींवर बोचरी टीका व्हायची. त्या वेळी राज्य काँग्रेसचं, दिल्ली काँग्रेसची, गावातला सरपंच आणि साखर कारखान्याचा चेअरमनही बहुतेक काँग्रेसचाच. तरी लोक तिकीट काढून यायचे आणि त्यांत काँग्रेसवालेही असायचे.

इथं एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. परिनिरीक्षण मंडळाकडं जातो तो कागद. सोंगाड्या बोलतो ते समोरच्या माणसांकडं बघून, त्या क्षणाला. कागदावर पास झालेलं साधं वाक्य दादा अशा जागी थांबून म्हणायचे की त्याचा अर्थच बदलायचा. कुठलं मंडळ ते थांबणं कापणार? पण म्हणून दादांना मोकळं रान होतं असंही नाही. समोर तिकीट काढून बसलेला माणूस होता. जास्त झालं की तो हसायचा बंद होतो, पुढच्या रांगेतली बाई पदर सावरून दुसरीकडं बघायला लागते. नटाला ते त्याच घटकेला कळतं. दीड हजार प्रयोगांत रोज संध्याकाळी ही परीक्षा होती. मला विचाराल तर दादांची रेघ सगळ्यात नीट ओढली ती त्या प्रेक्षकांनी.

या वगावरूनच पुढचं दार उघडलं. आशा भोसले यांनी प्रयोग बघितला आणि भालजी पेंढारकरांकडं दादांचं नाव सुचवलं. 1969 मध्ये भालजींच्या ‘तांबडी माती’त दादा पडद्यावर आले. त्या चित्रपटाला मराठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग दादांनी स्वतःच निर्माता व्हायचं ठरवलं आणि 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ आला. लेखन पुन्हा वसंत सबनिसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं.

‘सोंगाड्या’तला नाम्या आठवा. आयेच्या धाकात वाढलेला, भोळा, बाईकडं बघायलाही बिचकणारा. तमाशाच्या नादाला लागतो आणि आये घराबाहेर काढते. रत्नमालाबाईंची ती आये, आणि कलावती झालेल्या उषा चव्हाण. या पिक्चरमध्ये हसतो आपण कुणाला? कलावतीला नाही. ती हुशार आहे, धीट आहे, नाम्याला खेळवते. हसू येतं ते नाम्याच्या बावळटपणाला. दुहेरी अर्थाचं बोलणं असलं तरी नाम्याला स्वतःलाच दुसरा अर्थ ठाऊक नाही असा त्याचा चेहरा. आणि आये समोर आली की सगळी चावट बडबड गप्प. दादांनी ही मर्यादा कुठं लिहून ठेवली नव्हती, पण या काळातल्या त्यांच्या पिक्चरमध्ये ती दिसते. सगळ्यात वर आये, तिच्यापुढं जीभ आवरायची.

‘सोंगाड्या’च्या प्रदर्शनाची हकीकत मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण आजच्या वादाशी ती उलट्या बाजूनं जोडलेली आहे. दादरच्या कोहिनूर थिएटरात पिक्चर लागायचा होता. ऐनवेळी थिएटरवाल्यानं देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचं ठरवलं. हिंदीतला मोठा हिरो आणि हा हाफ चड्डीवाला, धंद्याच्या हिशेबानं त्याला ते बरोबर वाटलं असणार. दादा गेले बाळासाहेब ठाकऱ्यांकडं. शिवसैनिक थिएटरवर जमले. आणि ‘सोंगाड्या’ लागला, तुफान चालला.

मराठी पिक्चरला मराठी मुलखात थिएटर मिळालं, चांगलंच झालं. दादाही पुढं आयुष्यभर शिवसेनेच्या बाजूनं राहिले, सभा गाजवल्या. पण एक गोष्ट आपण विसरतो. थिएटरपुढं जमलेला जमाव पिक्चर लावू शकतो तसा बंदही पाडू शकतो. 1971 मध्ये जमाव एका हसवणाऱ्याच्या बाजूनं आला. 2025 मध्ये खारला दुसऱ्या हसवणाऱ्याच्या विरोधात आला. पक्षाचं नाव इथं महत्त्वाचं नाही, उद्या कुठलाही झेंडा असेल. आवडलं तर लावा, नाही आवडलं तर फोडा, असं असेल तर रेघ ओढणाऱ्याच्या हातात खडू नसतो, दगड असतो. आणि दगड हातात असलेल्याला विनोद समजला की नाही, हे विचारायचीही सोय राहत नाही.

पुढं ‘एकटा जीव सदाशिव’ (1972), ‘आंधळा मारतो डोळा’ (1973) आले. 1975 च्या ‘पांडू हवालदार’पासून दादा स्वतः दिग्दर्शनात उतरले. अशोक सराफ यांचं नाव घराघरांत गेलं ते या पिक्चरमधल्या हवालदारामुळं. नागपूरच्या विजय पाटील आणि त्यांच्या जोडीदाराला दादांनी इथंच राम-लक्ष्मण हे नाव दिलं. पुढं ‘मैंने प्यार किया’चं संगीत आलं तेही याच नावानं. सलग नऊ पिक्चरनी रौप्यमहोत्सव केला, प्रत्येक पंचवीस आठवडे. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. तेव्हाच्या मराठी धंद्याची हलाखी बघितली तर हा आकडा खोटा वाटावा असा आहे.

‘पांडू हवालदार’चं एक उपटसुंभ फळ निघालं. पिक्चरमधला पांडू साधा, इमानी. पण नाव असं काही तोंडात बसलं की महाराष्ट्रात कुठल्याही हवालदाराला मागून पांडू म्हणायची रीतच पडली. उन्हात चौकात उभा राहणारा, बंदोबस्ताला उपाशी राहणारा कॉन्स्टेबल त्या शब्दानं दुखावतो. साहेबाला कुणी पांडू म्हणत नाही, हे बघा. दादांनी टोला मारला होता लाचखाऊ यंत्रणेला, लागला मात्र सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला. हसवणाऱ्याच्या तोंडून शब्द सुटला की तो कुणाच्या अंगावर जाऊन पडेल, हे त्याच्या हातात राहत नाही.

त्याच वर्षी, जून 1975 मध्ये आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात. इंदिराबाईंचा वीस कलमी कार्यक्रम जिकडंतिकडं भिंतींवर रंगवलेला. दादांनी पिक्चर काढला, नाव ठेवलं ‘गंगाराम वीसकलमे’. बघा धाडस! नावातच सगळं आलं. ते नाव टिकणं शक्यच नव्हतं. अडवाअडवी झाली, कात्र्या चालल्या आणि अखेर 1977 मध्ये तो ‘राम राम गंगाराम’ म्हणून बाहेर पडला. दादांच्या आयुष्यातलं हे प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्यात अडचण कमरेखालच्या विनोदाची नव्हती. वीस कलमं ही काही अश्लील गोष्ट नाही. सत्तेला जेव्हा खरंच झोंबतं तेव्हा सभ्यता, संस्कृती, राष्ट्रहित असे मोठे शब्द पुढं येतात आणि कात्री चालते ती टोमण्यावर.

आता कमरेखालच्या विनोदाकडं येऊ, कारण दादांचं नाव निघालं की निम्मी माणसं तेवढंच आठवतात.

दुहेरी अर्थ चालतो कसा? पडद्यावर काहीच दिसत नाही. वाक्य साधं असतं, शेतातलं, स्वयंपाकघरातलं, दुकानातलं. दुसरा अर्थ बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. दादांचा बचावही हाच असायचा की मी सरळ बोललो, वाकडं तुम्ही ऐकलं. सेन्सॉर बोर्डापुढं हा मोठा पेच. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं बोर्डाला दृश्य आणि संवाद कापायचा अधिकार दिला. पण जे दाखवलंच नाही ते कापायचं कसं? 1986 चा त्यांचा हिंदी पिक्चर घ्या, ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’. दिया म्हणजे दिवा, आणि दिया म्हणजे दिलं. कागदावर बघाल तर अंधारात दिवा हातात दिला, यात वाईट काय? बोर्ड वाचून रस्त्यावरचा माणूस मात्र हसत सुटायचा. दादा आणि बोर्ड यांच्यात वर्षानुवर्षं अशी रस्सीखेच चालली. आपल्या लावणीत, भारुडात, लग्नातल्या उखाण्यात आणि जात्यावरच्या बायकांच्या गप्पांतही हा दुहेरी अर्थ होताच. शहरातल्या पांढरपेशांना तो पडद्यावर बघून धक्का बसला, गावाकडच्या म्हातारीला नाही बसला.

पण दादांचं कौतुक करताना डोळे मिटून घ्यायचं काही कारण नाही. ऐंशीच्या दशकापासूनचे पिक्चर बघा. ‘आली अंगावर’ 1982, ‘मुका घ्या मुका’ 1987, ‘पळवा पळवी’ 1990, ‘येऊ का घरात’ 1992. नावांवरूनच वाट कुठं चालली ते कळतं. ‘विच्छा’मध्ये चावटपणाच्या शेजारी प्रधानाचा मेव्हणा होता, ‘गंगाराम’मध्ये दिल्लीचं सरकार होतं. हळूहळू राजा गेला, प्रधान गेला, मेव्हणाही गेला, आणि समोर उरली फक्त बाई. आधी कलावती नाम्याला खेळवायची, आता विनोद बाईच्या अंगावर पडायला लागला. तिला उलट बोलायला वाक्यच नसेल तर तो विनोद राहत नाही, छेड होते. आणि थिएटरातून बाहेर पडणारी टवाळ पोरं तेच वाक्य एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या शाळेच्या मुलीला ऐकवतात. पडद्यावर अभिनेत्रीला त्या कामाचे पैसे मिळत होते, स्टँडवरच्या पोरीला मात्र मान खाली घालून बस यायची वाट बघावी लागत होती. दादांचे चाहते यावर रागावतात. रागावू देत. ज्या माणसानं स्वतः सोंगाड्याची खरी कामगिरी करून दाखवली, त्याच्याच मापानं त्याचे नंतरचे पिक्चर मोजायला हवेत.

तरीही ते पिक्चर बंद पाडायला पाहिजे होते का? नाही. बघायचं की नाही हे तिकीट काढणाऱ्याच्या हातात होतं, आणि प्रेक्षकांनीच हळूहळू पाठ फिरवली. शेवटच्या काही पिक्चरना पूर्वीची गर्दी नव्हती.

हे आजच्या क्लिपांना लावून बघितलं तर बऱ्याच गोष्टी सुट्या होतात. विडंबनगीत कुणावर होतं? राज्यात सत्तेत बसलेल्या माणसावर. ते सोंगाड्याचं जुनं काम. आवडलं नाही तर उत्तर द्यावं, बदनामी वाटली तर कोर्टात जावं. पण त्याच 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही कॉमेडियन मंडळींना अपंग आणि दुर्धर आजाराच्या लोकांवर केलेल्या विनोदाबद्दल जाहीर माफी मागायला लावली. तिथं समोर राजाही नव्हता, प्रधानही नव्हता. होतं ते दुर्धर आजारानं बेजार झालेलं लेकरू आणि त्याचे आईबाप. मंत्र्यावरचा विनोद आणि त्या लेकरावरचा विनोद एकाच तागडीत घालून अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणणं मला तरी पटत नाही. संविधानाच्या 19 व्या कलमानं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं, त्याच कलमात सभ्यता, बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी वाजवी बंधनंही ठेवली. वाजवी काय ते कोर्ट ठरवतं, जमाव नाही.

जाता जाता मोबाईलवाल्यांसाठी एक सांगतो. दादांच्या काळी बोलणारा आणि दाखवणारा अडकायचा. आता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 व्या कलमात अश्लील मजकूर पुढं पाठवणाराही येतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. क्लिप मी केली नव्हती, नुसती ग्रुपवर टाकली, हे सांगून सुटका होईलच असं नाही.

आणखी एक फरक आहे. तंबूतल्या थिएटरात दादांचा पिक्चर लोक सगळे मिळून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचे. बाजूला गावातलीच माणसं बसलेली, त्यामुळं कशाला हसायचं याचीही लाज होती. आज तासभराच्या कार्यक्रमातला वीस सेकंदांचा तुकडा येतो. आधी काय बोलला, कुणाला उद्देशून बोलला, काही कळत नाही. दादांच्याही पिक्चरचे असे तुकडे फिरतात. त्यांत प्रधानाचा मेव्हणा कुठं दिसत नाही, वीस कलमं दिसत नाहीत. दिसते फक्त चड्डीची नाडी. नव्या पोरांना दादा तेवढेच ठाऊक आहेत.

शेवटच्या वर्षांत दादा दादरला शिवाजी पार्कजवळ राहायचे. अनिता पाध्ये यांनी त्यांच्याकडून ऐकून त्यांची जीवनकथा लिहिली, ‘एकटा जीव’ नावानं. ज्यानं एवढा महाराष्ट्र हसवला त्याच्या पुस्तकाला हे नाव शोभावं, यात सगळं आलं. 14 मार्च 1998 रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. तेव्हा यूट्यूब नव्हतं, ग्रुप नव्हते. त्यानंतर कितीतरी वर्षं गावोगावच्या जत्रांत तंबू लागत राहिले, आणि ‘सोंगाड्या’चं पोस्टर असलं की पुढची जागा धरायला बायामाणसं पोती घेऊन दिवस मावळायच्या आतच येऊन बसत राहिली.